धनगरवाड्यावरचा तांब्या

कोळवणच्या खोऱ्यात शिक्षिका म्हणून गेले, तेव्हा मला सगळ्यात आधी पाठ झाल्या त्या आडोशाच्या जागा. शाळेमागची घाणेरीची झुडपं, ओढ्याकाठची करवंदीची जाळी, देवळामागचा बांध. साठ सालाच्या अलीकडे-पलीकडची गोष्ट. शाळेला संडास नव्हता, आणि मला तासाभरात, कधी त्याच्याही आधी, लघवीला लागायचीच. लागली की दम नाही. फळ्यावरची वजाबाकी अर्धी टाकून मी पळायचे. चोवीस वर्षांची घोडी, आणि पोरांच्या आधी मलाच सुट्टी हवी!

घरमालकिणीने उपाय सांगितला. "बाई, पानीच कमी प्या की. आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुटनं येईल?"

मला पटलं. सकाळपासून शाळा सुटेपर्यंत मी पाण्याचा थेंब घेईना. चहा मात्र चालू. चहा म्हणजे काही पाणी नव्हे, एवढीच माझी अक्कल. शाळा सुटली की पटावर मुली याव्यात म्हणून घरोघर हिंडायचे, आणि घरोघर गुळाचा काळाकुट्ट चहा समोर यायचा. वर जेवायला मिरचीचा खर्डा. घाई कमी व्हायची सोडून वाढलीच, शिवाय जळजळ.

एका मुलीवर माझा फार जीव होता. धनगरवाड्यावरची, आठेक वर्षांची. कोकरं राखत शाळेच्या उतारावर बसायची आणि ऐकून ऐकून पाढे म्हणायची, वर्गातल्या पोरांच्या आधी. तिला शाळेत आणायचंच, म्हणून मी एका संध्याकाळी वाड्यावर चढले. गावात चार कप झालेले. तिच्या आईने गूळ आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. मी पाय आवळून उभी. "नको," म्हटलं. ती चहा ठेवायला वळली. "चहाही नको," म्हटलं आणि जवळजवळ पळतच खाली आले.

दोन दिवसांनी घरमालकिणीने बातमी आणली. "त्या पोरीची आई म्हनती, बाई बामनाची हाय, आमच्या हातचं पानी बी चालत न्हाई. आमची पोरगी काय शिकवनार?"

मी चिडले. मग लाजेने मेल्याहून मेले. पण खरं कारण सांगायचं कोणत्या तोंडाने? पोरगी आता कोकरं घेऊन डोंगराच्या पलीकडे जाऊ लागली. उतार रिकामा दिसायचा आणि मला वर्गात बसवत नसे.

मग मी तापाने पडले. चहा आणि तिखट दोन्ही नकोसं झालं. घरमालकीण भाताची पेज देई, गार केलेलं पाणी घोट घोट पाजी. चौथ्या दिवशी लक्षात आलं, सकाळपासून मला घाणेरीची आठवणच झाली नव्हती. उठल्यावर हावरटासारखा दोन कप चहा प्यायले, तर घाई परत हजर! वैद्यकी मला कळत नाही, पण माझ्यापुरता चोर सापडला होता.

चहा सोडला आणि पुन्हा वाड्यावर चढले. या खेपेला तांब्या आला नाही. पोरीची आई लोकर पिंजत बसली होती, तिने मान वर केली नाही.

"मावशी, पाणी द्या."

"आमचं चालतंय व्हय?"

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. चहा, पाय आवळणं, घाणेरी, सगळं. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. ती इतकी हसली की कोकरं बिचकली. "अगं बया! मंग तवाच बोलायचं न्हाई का? वाड्यामागं रान मोकळंच हाय की!"

तिने तांब्या आणला. मी तो उभ्याउभ्या संपवला. रिकामा तांब्या घेत ती पोरीला म्हणाली, "जा, पाय धू. बाईसंगं जाऊन शाळा बगून ये."

उतरताना घाणेरीपाशी पोरगी थांबली. रस्त्याकडे तोंड करून, काठी आडवी धरून उभी राहिली. "बाई, जाऊन या. मी राखन करते."

मला लागली नव्हती. तरी मी गेले.