‘आपल्यातलं’ म्हणजे कोणातलं

माझ्या प्रतिक्रियेत तीनच शब्द होते: ‘आपल्यातलं’ म्हणजे कोणातलं? शिवी नव्हती, टोमणाही नव्हता. शनिवारी सकाळी पोहे परतता परतता मी ती लिहिली, आणि दुपारी दोरीवरचे कपडे काढून आत आले तोवर तिच्यावर एकतीस खालचे बाण पडले होते. उत्तर एकही नव्हतं.

न्यूझीलंडमधल्या मराठी लोकांचं एक ऑनलाइन चर्चापीठ आहे. ताजा कढीपत्ता कुठे मिळतो, कुठला डॉक्टर नवे पेशंट घेतो, मुलं मराठीत विचारलं तरी इंग्रजीत का उत्तर देतात, असल्या गोष्टींची तिथे चर्चा चालते. प्रत्येक मजकुराखाली दोन बाण असतात. वरचा दाबला की आवडलं, खालचा दाबला की नावडलं. आपण दिलेला खालचा बाण आपल्या फोनवर लाल दिसतो. इतरांना फक्त आकडा दिसतो, कुणी दिला ते कधीच कळत नाही. दहा खालचे झाले की प्रतिक्रिया मिटते आणि तिच्या जागी एक करडी ओळ येते: ‘ही प्रतिक्रिया सभासदांना रुचलेली नाही. तरीही वाचायची असल्यास इथे दाबा.’ हा ‘तरीही’ ज्याने घातला त्याला मला एकदा भेटायचं आहे.

मी ज्या जाहिरातीखाली लिहिलं ती अशी होती: माउंट रॉस्किलमध्ये आमच्या घरामागे दोन खोल्यांचं स्वतंत्र घर भाड्याने देणे आहे, बस स्टॉप समोर, शाळा चालत पाच मिनिटं, शांत, शाकाहारी, आपल्यातलंच कुटुंब हवं. त्याखाली लोकांनी फोटो मागितले होते, पार्किंगचं विचारलं होतं. एकाने ‘छान उपक्रम’ असं लिहिलं होतं. स्वतःची मागची खोली भाड्याने देणं हा उपक्रम कधीपासून झाला, हेही विचारणार होते. पण म्हटलं, एका वेळी एक प्रश्न.

मी पत्रकांवर वाढले आहे. बाबा चिंचवडच्या एका कारखान्यात होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे. झेरॉक्सचा गठ्ठा घरी यायचा आणि मी जमिनीवर बसून एकेका कागदाची घडी घालायचे, स्टीलच्या पेल्याच्या बुडाने घडी दाबायचे. मी अक्षरं त्या कागदांवरच शिकले. ‘कामगार’मधला ‘का’ मला ‘कमळ’मधल्या ‘क’च्या आधी आला. सुट्टीत बाबा मला गेटवर न्यायचे. तिथे लोक पत्रक घ्यायचे, घ्यायचे नाहीत, तोंडासमोर फाडायचे. एक गृहस्थ दर वेळी पत्रक घेऊन त्याने स्कूटरची सीट पुसायचे. बाबा त्यांना म्हणायचे, “पुसून झालं की वाचा.” तो माणूस मला आवडायचा नाही, पण त्याला चेहरा होता. आमच्यासमोर उभा राहून तो सीट पुसायचा.

आणि बाबांचा एक नियम होता: खाली नाव नसेल तर ते पत्रक नाही, मुतारीतलं लिखाण आहे.

त्या शनिवारी मला ते एकतीस जण मुतारीतले वाटले. अजूनही त्यातले बरेचसे वाटतात. हेच लोक मंडळाच्या कार्यक्रमात कागदी बशीत साबुदाण्याची खिचडी घेऊन माझ्याशेजारी बसतात, ‘तुमची पिढी वाचत नाही’ म्हणतात, आणि त्याच हाताच्या अंगठ्याने माझ्या प्रश्नाचं तोंड दाबतात. उत्तर द्यायचं तर ‘आपल्यातलं’ म्हणजे काय ते लिहावं लागेल. ते लिहिलं की वाचलंही जाईल, कदाचित ऑफिसात मागच्या खुर्चीवरून डोकावणाराही वाचेल. म्हणून बाण. बाणाला जात विचारता येत नाही, आणि जात पाळणाऱ्याला याहून सोयीचं हत्यार मिळालेलं नाही. असं सगळं मी त्या दुपारी कपड्यांच्या घड्या घालताना ताईला ऐकवलं. ताई घड्या घालत राहिली. “हं,” एवढंच म्हणाली.

ताई म्हणजे माझी फ्लॅटमेट. मिरजेची, वयाने माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठी, इथल्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स. मी पेनरोजच्या एका डेपोत मालाच्या नोंदी करते. आम्ही दोघी माउंट रॉस्किलच्या एका जुन्या लाकडी घरात राहत होतो. मालकाने ते विकायला काढलं आणि महिनाअखेर घर सोडायचं ठरलं. माझं काही अडत नव्हतं. डेपोतल्या तिघी मनुरेवाला राहतात, त्यांच्याकडे एक खोली होती. ताईचं तसं नव्हतं. तिचा नवरा आणि सहा वर्षांची मुलगी मिरजेहून यायची होती. व्हिसे आले होते, मुलीचं शाळेत नाव घालायचं तर पत्ता हवा होता, आणि सात आठवडे घरं बघून एकही मिळत नव्हतं. घर नाही तर तिकिटं पुढे ढकलायची. मुलीला पाहून तिला चौदा महिने झाले होते.

हे सगळं मला माहीत होतं. तरी ताई त्याच जाहिरातीकडे डोळे लावून बसली असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही, कारण शुक्रवारी तिने माझ्यासमोर तळलेला तारकीही मासा खाल्ला होता, आणि जाहिरातीत शाकाहारी लिहिलं होतं. मला वाटलं, लिहिलंय म्हणजे ती विचारणारच नाही. पत्रकांवर वाढलेल्या माणसाची ही एक खोड असते. कागदावर आहे ते सगळे पाळतात असं त्याला वाटतं.

रविवारी सकाळी शेजारचे काका चहाला आले. हे काका पुण्याचे निवृत्त इंजिनिअर, दोन वर्षांपूर्वी मुलाकडे राहायला आलेले. मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून ते दर रविवारी आमच्याकडे येतात, कारण त्यांची सून कपात पिशवी बुडवते आणि आम्ही आलं घालून उकळतो.

“काय गं,” बसता बसता ते म्हणाले, “तुझा निकाल फार वाईट लागला म्हणे.”

“तुम्ही दिलात का बाण, काका?”

“दिला की.”

मी चहाचं गाळणं खाली ठेवलं. “का?”

“का म्हणजे? खाली जायला.”

“कुठे खाली?”

“पुढच्या प्रतिक्रियेवर. खालचा बाण दाबला की खाली जातं ना ते?”

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. वरपासून खालपर्यंत सगळं लाल होतं. कढीपत्त्यावर लाल, डॉक्टरवर लाल, त्यांच्या स्वतःच्या सुनेने टाकलेल्या मोदकांच्या फोटोवर लाल. कुणाची तरी आई गेल्याची बातमी होती, त्याखाली लोकांनी श्रद्धांजली वाहिली होती, आणि काकांनी एकेका श्रद्धांजलीला खालचा बाण दिला होता.

“आणि वर जायचं असलं की?” मी विचारलं.

“वर कशाला जायचंय? वाचून झालेलं असतं.”

मी त्यांना बाणाचा अर्थ सांगितला. “म्हणजे दोन वर्षं मी सगळ्यांना नाही नाही म्हणत सुटलोय,” असं म्हणून त्यांनी चष्मा वर केला आणि एकेक लाल बाण काढायला घेतला. माझ्यावरचाही काढला. एकतिसाचे तीस झाले.

“काका, मग माझ्या प्रश्नाबद्दल तुमचं म्हणणं काय?”

“प्रश्न बरोबर आहे तुझा.”

“मग वरचा बाण द्या.”

“बरोबर आहे, पण विचारायचा नसतो,” काका म्हणाले. “ती जाहिरात टाकणाऱ्या बाईंकडे दर गुरुवारी भजन असतं. मी तबल्याला असतो.”

नकळत दिलेला त्यांचा नकार मला चालला असता. हे जास्त लागलं.

काकांना तेवढ्यात शंका आली की आपल्याच फोनमध्ये बाण असे आहेत की सगळीकडे. टेबलावर ताईचा फोन होता. “तुझ्यात कसं दिसतं बघू गं,” म्हणून त्यांनी तो उचलला. ताई ओट्यापाशी होती. ती हात पुसत वळेपर्यंत काकांनी उघडून पाहिलंही होतं, कारण चर्चापीठ आधीच उघडं होतं, त्याच जाहिरातीवर.

“हिच्यात एकच लाल आहे,” काका म्हणाले. “तुझ्याच प्रतिक्रियेवर. काय गं, तूही खाली जात होतीस का?”

“नाही काका,” ताई म्हणाली. “मी मुद्दाम दिला.”

काका चहा अर्धा ठेवून उठले. सुनेला दुकानातून दूध आणून द्यायचं आहे म्हणाले. रविवारी सकाळी दहाला त्यांना नेहमी काहीही काम नसतं.

ते गेल्यावर मी म्हटलं, “एकतिसांत तू होतीस.”

“पहिली होते,” ताई म्हणाली. “तू पोहे खात होतीस तेव्हाच दिला. दहा झाले की मिटते ना. मिटली की बाई वाचणार नाहीत असं वाटलं.”

मग तिने सांगितलं. त्या बाईंनी तिला शुक्रवारीच फोन केला होता. आधी पूर्ण नाव विचारलं. ताईचं आडनाव गावावरून पडलेलं आहे, ते कुठल्याही जातीत बसतं. मग मूळ गाव विचारलं. त्यावरूनही काही कळेना तेव्हा अगदी प्रेमाने विचारलं, “तुमच्याकडे गौरी खड्याच्या का हो, की मुखवट्याच्या?”

हा प्रश्न न्यूझीलंडच्या कुठल्याही कायद्यात सापडणार नाही. तो ऐकून कुठल्याही अधिकाऱ्याला काही वावगं वाटणार नाही. आपल्याला मात्र त्याचा अर्थ पुरता कळतो.

“काय सांगितलंस?”

“खड्याच्या.” ताई हसली नाही. “आमच्या घरात भिंतीवर एकच फोटो आहे, निळ्या कोटातला. गौरी आमच्याकडे कधी बसल्याच नाहीत. खड्याच्या मी मिरजेला एका पेशंटच्या घरी पाहिल्या होत्या, त्या आठवल्या.”

“आणि मासे?”

“घरी नाही शिजवणार. हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये खाईन.”

“ताई, तू तिथे खोटं बोलून राहणार? दर वर्षी खडे मांडणार?”

“त्यात काय, मागच्या लाकडी डेकखाली हवे तेवढे पडलेत.” तिने ओटा पुन्हा एकदा पुसला. “तुला विचारायला परवडतं. तुझं आडनाव ऐकल्यावर तुला कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. मला गौरींपर्यंत जावं लागतं.”

आमच्याकडे मुखवट्याच्या बसायच्या. बाबा मानत नव्हते, आई मानायची, आणि मला ते कधी कुणी विचारलंच नव्हतं.

“तुझी मिटली,” ताई म्हणाली, “पण त्या बाई उघडून वाचतात सगळं. खाली तुझं नाव आहे. तू माझ्याबरोबर राहतेस हे काकांपासून सगळ्यांना माहीत आहे. उद्या त्या घर दाखवणार आहेत. ती प्रतिक्रिया काढ.”

“बाणाने मिटवायला निघालीस, त्यापेक्षा शनिवारीच सांगायचंस मला.”

“सांगितलं असतं तर तू काढली असतीस?”

नसती काढली. मी भाषण दिलं असतं. बाबांनी छापलेलं पत्रक कधी परत घेतलं नव्हतं, एकदा त्यासाठी पगारवाढ गेली तरी. मी तिला हेही सांगायला लागले, आणि ती म्हणाली, “तुझ्या बाबांच्या पगारवाढीपेक्षा माझी पोरगी लहान आहे.”

मी प्रतिक्रिया काढली. काढताना यंत्राने विचारलं, नक्की का? मी हो दाबलं. करडी ओळसुद्धा गेली. त्या बाईंचा, काकांचा आणि बाकीच्या एकोणतीस जणांचा मला जेवढा राग आला होता, त्याहून जास्त ताईचा आला, आणि तो कुठेही ठेवता येईना.

ताईला घर मिळालं. सोमवारी बाईंनी दाखवलं आणि सोमवारीच दिलं. पुढच्या शनिवारी मी तिच्या सामानाच्या दोन खेपा केल्या. त्या रस्त्याच्या कोपऱ्यावर डेअरी, म्हणजे इथलं किराणा दुकान, आहे, तिथे गाडी थांबवून खोकी फुटपाथवर उतरवली. पुढचं पन्नास पावलांचं अंतर ती एकटी खोकी नेत राहिली. मी दारापर्यंत जायचं नाही असं तिने सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. भांड्यांच्या खोक्यात वरच तो फोटो होता, साडीत गुंडाळलेला. तो तिने शेवटच्या खेपेला नेला.

ताईने ते घर केव्हाच सोडलं. आता ते तिघं दुसऱ्या शहरात राहतात. हे छापायला देण्याआधी मी तिला फोनवर वाचून दाखवलं. “मासा तारकीही नव्हता, स्नॅपर होता,” एवढीच दुरुस्ती तिने सुचवली. मला तो तारकीहीच आठवतो.

सामान नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, मनुरेवाच्या नव्या खोलीत गादीवर बसून मी चर्चापीठ उघडलं. जाहिरातीखाली बाईंनी लिहिलं होतं: ‘घर दिलं. आपल्यातलंच, फार गोड कुटुंब मिळालं. सर्वांचे आभार.’ त्यावर वरचे बाण चाळीसच्या पुढे गेले होते. खालचा एकही नव्हता.

मी उत्तर लिहायला घेतलं. काहीही लिहिलं असतं तरी ते ताईच्या दारात जाऊन पडलं असतं. प्रश्न विचारला असता तर बाईंनी पुन्हा तिला गौरींचं विचारलं असतं. मी लिहिलेलं खोडलं. मग आयुष्यात पहिल्यांदा खालचा बाण दाबला. तो लाल झाला. खाली माझं नाव आलं नाही.

बुधवारी पाहिलं तर खालचे बाण दोन झाले होते. काकांना तर बाणाचा अर्थ मी नीट समजावला होता, आता त्यांचा चुकून पडणार नव्हता. दुसरा कुणाचा, ते मी कुणालाच विचारलेलं नाही.