तांदळाच्या डब्यातलं तळं

दाजी घागांनी ठाण्याच्या एका लॅबमध्ये आयुष्यभर लोकांच्या लघवी-संडासचे नमुने तपासले. निवृत्तीनंतर तळ्याचं पाणी तपासायला मिळालं, ही त्यांना बढतीच वाटली. लॅबने भंगारात काढलेला मायक्रोस्कोप घरी आला आणि बाळकुमला त्यांच्या बिल्डिंगमागे जे तळं होतं, त्यातलं पाणी रोज जॅमच्या बाटलीतून वर यायला लागलं. फ्रिजमध्ये कोकमाशेजारी ह्या बाटल्या. "घरात डबकं पाळलंय ह्यांनी," बायको चंद्रभागा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. खोटं काय होतं त्यात?

त्या डबक्यात दाजींचा जीव अडकला एका रोटिफरमध्ये. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, डोक्यावरची दोन चाकं गरगर फिरवणारा प्राणी. असे त्यांनी ढिगाने पाहिलेले, पण ह्याच्या पाठीवर काटे! डोंबिवलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या पुतण्याला, सुश्रुतला, त्यांनी फोटो पाठवला. तो म्हणाला, "काका, फोटोत हा आकसून गोळा झालाय. जिवंत, ताणलेला बघा, पायाची बोटं मोजा. मग नाव सांगतो."

दाजी बोटं मोजणार, तेवढ्यात सोसायटीने तळ्याचं सुशोभीकरण काढलं. गाळ उपसला, तळाला काँक्रीट, वर ब्लीचिंग पावडर आणि मधोमध रंगीत कारंजं. पाणी इतकं स्वच्छ झालं, की त्यात जगायची कुणाची छाती नाही. फ्रिजमधल्या बाटल्या घाण मारतात म्हणून चंद्रभागेने आधीच ओतून टाकल्या होत्या. दाजी घरात सुतक असल्यासारखे बसून राहिले. जेवणावरून मन उडालं. नाव कळायच्या आतच गेला बिचारा, ह्याचं त्यांना फार वाईट वाटलं.

एका दुपारी चंद्रभागा तांदूळ काढत होती. डब्यातून लाल फडक्याची पुरचुंडी वर आली. गेल्या गणपतीला त्याच तळ्यात विसर्जन झालं, तेव्हा रिकाम्या पाटावर मूठभर माती परत आणली होती, ती. घरात बरकत राहते म्हणून चंद्रभागा दरवर्षी ती तांदळात ठेवते. "देव बुडवायचा आणि चिखल घरी आणायचा!" हे दाजींचं दरवर्षीचं वाक्य. आरती चालू असताना ते चहा घेऊन गॅलरीत.

आज मात्र ते ताडकन उठले. माती सुकली की रोटिफर आकसून झोपतात आणि पाणी मिळालं की उठतात, हे त्यांना पाठ होतं.

"अगं, तो चिखल दे."

"कसला चिखल?"

"तो गं, पुरचुंडीतला."

"तो चिखल नाही. आधी चपला काढा, हात धुऊन या, मग मागा."

दाजींनी चपला काढल्या. हात धुतले. ओंजळ पुढे केली. चंद्रभागेने त्यात चिमूटभर ठेवली, प्रसाद ठेवतात तशी.

उकळून गार केलेलं पाणी घालून दाजी संध्याकाळपर्यंत डोळा लावून बसले. अचानक हातभर उडाले. "चंद्रे, ये, ये लवकर!"

चंद्रभागेला आधी स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग काटे दिसले. चाकं फिरत होती.

"बोटं मोज! मी लिहून घेतो."

"एक, दोन, तीन... चार." तिने डोळा काढला. "आणि एवढं काय नवल करताय? 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणून आम्ही घसा फोडून ओरडतो. तुम्ही गॅलरीत असता."

उरलेल्या मातीची पुरचुंडी दाजींनी स्वतः बांधली आणि अनवाणी जाऊन तांदळात ठेवली.