दुसऱ्या खात्याची जागा

लॅपटॉप चालू केला की तो जागा होईपर्यंत माझी दाढी उरकायची. त्याचं मला काही वाटत नव्हतं, पण मध्यंतरी आतून टकटक आवाज यायला लागला तेव्हा मी घाबरलो. पुतण्या म्हणाला, "काका, जुनी डिस्क काढून एसएसडी टाका, आणि मोठी घ्या." मी मुद्दाम लहान घेतली. कुणी शहाणपण शिकवलं की नेमकं उलटं करायची माझी जुनी खोड आहे. ती डबी खिशात घालून उचगावातून निघालो आणि शाहूपुरीतलं दुरुस्तीचं दुकान गाठलं.

दुकानदार माझ्याच वयाचा, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यानं लॅपटॉप कानाशी धरून आवाज ऐकला.

"पावणं, जुनी डिस्क शेवटच्या घटका मोजतीया. आतलं समदं हाय तसं उचलून नव्या डिस्कवर ठिवतो. पर ही आता एकच खेप सोसंल. आजच करू."

मग पडद्यावरचे आकडे बघून त्यानं चष्मा नाकावर घेतला. जुन्या डिस्कवरचा सगळा पसारा माझ्या नव्या डिस्कमध्ये मावत नव्हता. मोठी डिस्क त्याच्याकडं चार दिवसांनी येणार होती.

"ह्ये दुसरं खातं कुणाचं? दोन वर्सं कुणी उघडल्यालं न्हाय, आन् जागा लई खातंय. काढून टाकू?"

"त्याला हात लावायचा न्हाय!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून गेला.

ते खातं माझ्या बायकोचं. तिला जाऊन दोन वर्षं झाली.

लॅपटॉप आणला तेव्हा आमचं रोज भांडण व्हायचं. ती बसली की माझ्या फाइली इकडच्या तिकडं व्हायच्या. शेवटी मी तिला वेगळं खातं काढून दिलं. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा म्हणाली, "तिकडं तोंड करा." मी निमूटपणे खिडकीकडं तोंड करून उभा राहिलो, आणि ती मागं एका बोटानं एकेक अक्षर शोधत बसली. चांगला पाच मिनिटं उभा होतो. ती निपाणीकडची. दुपारी कानाला हेडफोन लावून हुबळीच्या थोरल्या बहिणीशी तासन्‌तास कन्नडमध्ये बोलायची, मध्येच माझ्याकडं बघून हसायची. मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. काय बोललीस म्हणून मी कधी विचारलं नाही, आणि त्या खात्यात काय ठेवलंय हेही नाही. मला वाटायचं, मी फार समंजस नवरा आहे.

दुकानदाराला हे सगळं सांगितलं नाही, एवढंच म्हणालो, "मंडळींचं हाय. त्या आता न्हाईत."

त्यानं टेबलावरचे स्क्रू एका वाटीत गोळा केले. मग म्हणाला, "पासवर्ड तोडून देऊ? दोन मिन्टाचं काम हाय. आत बघा, नको त्ये तुमीच काढा."

"नको. तिनं कुलूप घातलंय. ऱ्हाऊ दे."

"मग तुमच्यातलं काढावं लागंल की वो."

माझ्या खात्यात होती कुस्तीची मैदानं. शिरोळपासून पार निपाणीपर्यंतच्या जत्रा हिंडून मी स्वतः कॅमेऱ्यानं टिपलेली, बारा वर्षांची. डिस्क एकच खेप सोसणार, त्यामुळं ती आधी दुसरीकडं उतरवून ठेवायचीही सोय नव्हती. मी स्टूल ओढलं आणि एकेक जत्रा पुसायला लागलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. एका कुस्तीत पैलवानांपेक्षा डाव सांगणारा माझाच आवाज मोठा होता, "मार घिस्सा!" तो ऐकून बायकोनं मला आठवडाभर चिडवलं होतं. भाजीला मीठ कमी पडलं म्हणालो तरी तिचं उत्तर, "मारा घिस्सा." ती फाइल मी दोनदा ओलांडून पुढं गेलो. तरी थोडी जागा कमीच पडत होती. शेवटी तीही पुसली.

मग पडद्यावर हिरवी पट्टी सरकायला लागली. निम्म्यावर ती अडली आणि टकटक वाढली. मी मनातल्या मनात चांगभलं म्हणत त्या पट्टीकडं बघत राहिलो. चहा समोर येऊन गार झाला. कधीतरी पट्टी पुन्हा हलली आणि शेवटाला पोचली.

नवी डिस्क बसवून त्यानं बटण दाबलं. मी चष्मा पुसेपर्यंत लॅपटॉप उघडलासुद्धा. पडद्यावर दोन गोल होते. एकात माझा फोटो, दुसऱ्यात तिनं निवडलेलं पिवळं फूल. "समदं आलंया," तो म्हणाला, आणि माझ्याकडं न बघता जुनी डिस्क कागदात गुंडाळायला लागला.

घरी आलो तेव्हा उन्हं उतरत होती. दोन वर्षं मी त्या फुलाला बोट लावलं नव्हतं. काहीतरी चुकीचं दाबलं जाईल आणि सगळंच बिघडेल, अशी धास्ती होती. आज धीर आला. फुलावर टिचकी मारली. पासवर्डची रिकामी चौकट आली. आत जायचं नव्हतं हो मला, पण दारापर्यंत जावंसं वाटलं. तिच्या माहेरच्या गावाचं नाव टाकलं.

चुकलं.

पासवर्ड चुकला की चौकटीखाली आठवण करून देणारी एक ओळ येते. खातं काढताना ज्याची त्यानं ती लिहून ठेवायची असते. मी खिडकीकडं तोंड करून उभा होतो तेव्हा तिनं ती एका बोटानं लिहिली असणार. इंग्रजी अक्षरांत, पण तिच्याच बोलीत:

"मला इचारा की."