मुलाने न केलेला प्रोग्रॅम

छापून आलेली कुठलीही लग्नपत्रिका हातात पडली की आमची डिझायनरबाई एक डोळा मिटायची, पत्रिकेवरचा एखादा शब्द अंगठ्याने झाकायची आणि उरलेल्या भागाकडे बघत विचारायची, "हें नासलें जाल्यार?" हे नसलं तर? पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, बाई पत्रिकेची दृष्ट काढतेय.

गोव्यात डिचोलीच्या बाजारात माझा छापखाना होता. पेडण्याहून म्हापशाला बस बदलून ती रोज यायची. लग्नपत्रिका, जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं, दुकानांच्या पाट्या, सगळी डिझाइन्स तिची. तुम्ही त्या बाजूचे असाल तर तुमच्या घरच्या एखाद्या कार्याची पत्रिका तिच्या हातची असेल. गिऱ्हाइकांशी मात्र तिचं जमत नसे. सोनेरी मोर हवाच म्हणून अडून बसलेल्या एका वरपित्याला तिने विचारलं होतं, "लग्न मोराचें काय न्हवऱ्याचें?" तो हसला म्हणून ऑर्डर वाचली.

एकदा बेळगावकडची, बांधकामावर काम करणारी एक बाई मुलीची पत्रिका करायला आली. मुलीच्या बापाचं नाव घालायचं नाही म्हणाली. मी सवयीने विचारलं, "मग नावाआधी 'कै.' घालू?"

"जित्ता हाय की मुडदा! कै. कसं लिवता?"

आम्ही सगळे हसलो, तीही हसली. पण बापाची ओळ काढल्यावर पत्रिकेच्या मधोमध भोक पडलं आणि आईचं नाव कडेला पाहुण्यासारखं उभं राहिलं. आमच्या डिझायनरबाईंनी अख्खी दुपार घालवून ते नीट बसवलं. संध्याकाळी पर्स खांद्याला लावताना ती मला म्हणाली, "भाऊ, दर खेपे हांवें कित्याक सरकोवपाचें? तें आपशीं सरकूंक जाय." दर वेळी तिने का सरकवायचं, आपोआप सरकायला हवं.

तिथून सुरुवात झाली. चाळिशीला टेकलेली ही बाई बसमध्ये मोबाइलवर प्रोग्रॅमिंगचे धडे बघू लागली. जेवताना डबा उघडा ठेवून पुटपुटत बसायची. मी म्हटलं, "बाय, चित्रं काढणाऱ्या माणसाला हे कशाला?"

"चित्रच काडटां भाऊ. फकत आतां तें हालता."

आणि एक दिवस खरोखरच हाललं. नावं टाइप केली की पत्रिका स्वतःच जुळायची. एखादं नाव नसलं, एखादं लांबलचक असलं, तरी बाकीच्या ओळी समजूतदार माणसांसारख्या जागा करून द्यायच्या. तिने बेकरीतून पॅटीस आणून सगळ्यांना वाटले.

माझा मुलगा तेव्हा पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत होता. बाजाराने परस्पर ठरवून टाकलं, हे त्याचं काम. कुणी विचारलं की मी नुसता हसायचो. पुढे हसता हसता "हो" म्हणू लागलो. तिच्या कानावर ते गेलंच. "भाऊ, पुताक सांगा, एक चूक उरल्या ती सुदारूंक," म्हणायची, आणि स्वतः बसून ती चूक दुरुस्त करायची.

मग पर्वरीच्या एका कंपनीतून फोन आला. तिने तिथे डेव्हलपर म्हणून अर्ज केला होता, हा प्रोग्रॅम दाखवला होता आणि विचारपूस करायला माझा नंबर दिला होता. पलीकडच्या माणसाने सरळ विचारलं, "हा तिनेच लिहिलाय ना?"

ती गेली तर ऐन सीझनच्या पत्रिका कोण करणार, हे मनात आलं. पण खरं कारण वेगळं होतं. काउंटरसमोर एक गिऱ्हाईक उभं होतं आणि त्याला मी नुकतंच मुलाचं कौतुक सांगितलं होतं. मी फोनवर म्हणालो, "माझ्या मुलाने लिहिलाय. ती रंगसंगती बघते. हात चांगला आहे तिचा."

ती बसायची त्या आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. थोड्या वेळाने ती बाहेर आली. "भाऊ, च्या घेतात?" तिने ऐकलं की नाही, मला आजही ठाऊक नाही.

कंपनीने तिला घेतलं. डिझायनर म्हणून. काही महिन्यांनी एका शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून पिशवीभर मिरच्या घेऊन ती छापखान्यात आली. "थंय सगळीं भुरगीं. म्हाका मावशी म्हणटात. आनी काम कितें? बटनांक रंग दिवप!" तिथली सगळी पोरंच, म्हणून ही मावशी. ती खूप हसली. घरी बसून कोड लिहिते आणि त्यांना दाखवते, म्हणाली. "म्हणटात, बरें आसा मावशी, पूण तुमी डिझाइन पळयात." तुम्ही आपलं डिझाइन बघा! मग हसू थांबलं. "भाऊ, तुमी तांकां फोनार कितें सांगिल्लें?"

"चांगलंच सांगितलं."

"म्हणून घेतली म्हाका," ती म्हणाली आणि निघाली.

पुढच्या वर्षी ती गेली. पोटाचं दुखणं अंगावर काढलं होतं.

छापखाना आता दुसऱ्याच्या ताब्यात आहे, पण मी सकाळचा जाऊन बसतो. फोन वाजला की आधी आतल्या दाराकडे नजर जाते. दार अर्धं उघडं दिसलं की मी उठून ते सताड उघडतो, आणि मगच बसतो. आत नवा मुलगा तिचाच प्रोग्रॅम चालवत असतो. त्यातली एक ओळही माझ्या मुलाची नाही. त्याने तो उघडूनही पाहिलेला नाही. तो तिने लिहिला. ती डेव्हलपर होती. डिचोलीत ज्यांना ज्यांना मी वेगळं सांगितलं, त्यांनी हे वाचावं.

तिच्या तेराव्याचं कार्ड छापायला तिचा भाऊ माझ्याकडेच आला होता. "फोटोखाला कितें घालूंया? 'चित्रकार' बरें दिसता न्हय?"

"दिसतं," मी म्हणालो.

नावं टाइप केली, कार्ड तयार झालं. त्याने ते बराच वेळ न्याहाळलं. "सुंदर जालां. कोणें केलें?"

"कॉम्प्युटरच करतो."

"तिकाय कॉम्प्युटराची खूब आवड आसली," तो म्हणाला. कार्डांचा गठ्ठा काखेत मारून तो रस्त्यापलीकडे म्हापशाच्या बसची वाट बघत उभा राहिला. बसला वेळ होता. रस्त्यावर एकही गाडी नव्हती. मी काउंटरमागून हललो नाही.