बुधवारची पाच माणसं

दोन हजार अकरा सालात फ्रेंच सिनेमाची जर्मनीतली अब्रू एकाच माणसानं राखली, आणि तो माणूस म्हणजे माझे थोरले साडू. फ्रेंच सिनेमाला याची कल्पना नव्हती. साडूंनाही फ्रेंच येत नव्हतं. पण अब्रू राखायला भाषा यावीच लागते असं थोडंच आहे?

साडू वाल्डॉर्फला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढण्याचा पगार घ्यायचे आणि घरी तेच काम फुकट करायचे. त्या जानेवारीत कॅन्टीनमध्ये एक जर्मन सहकारी म्हणाला, की परदेशी सिनेमे आम्ही डब करूनच बघतो, काही फरक पडत नाही. झालं! साडूंनी हातातला काटा खाली ठेवला. "माणसाचा आवाज काढून दुसऱ्याचा बसवायचा, आणि वर म्हणायचं फरक पडत नाही?" त्याच संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं, की यंदा हायडलबर्गला लागेल तो प्रत्येक नवा फ्रेंच सिनेमा आपण मूळ आवाजातच बघणार. "अहो, पण तुम्हाला फ्रेंच कुठे कळतं?" मी विचारलं. "कळत नाही म्हणूनच. जे कळत नाही ते निदान खरं तरी असावं."

हायडलबर्गच्या एका गल्लीत साठेक खुर्च्यांचं थिएटर होतं. तिथे फक्त बुधवारी संध्याकाळी सहाचा खेळ मूळ आवाजात, खाली जर्मन अक्षरं. मालकीणबाई तिकिटं स्वतः फाडायच्या आणि मशीनही स्वतःच लावायच्या. पाच प्रेक्षक असले तर खेळ, नाहीतर नाही, हा त्यांचा नियम. वर्षभरात एक बुधवार जरी बुडाला, तरी पुढच्या जानेवारीपासून बुधवारीही डब केलेलाच सिनेमा, असं त्यांनी बजावलं. "मग पाच तिकिटं मीच घेतो," साडू म्हणाले. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "पाच तिकिटं नाहीत. पाच माणसं."

पुण्या-नागपूरहून नव्यानं आलेल्या प्रत्येकाला इथे आल्याआल्या आनमेल्डुंग करावं लागतं, म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारी नोंद. फॉर्म जर्मनमध्ये, कारकूनही जर्मनमध्ये. अशा मुलांना साडू बस-स्टॉपवरच गाठायचे. "आनमेल्डुंगला मी येतो. बुधवारी तू यायचंस." कुठे, कशाला, हे विचारेपर्यंत फॉर्मवर सही झालेली असायची. त्या वर्षी वाल्डॉर्फमधल्या निम्म्या नव्या मराठी इंजिनिअरांना कायदेशीर पत्ता मिळाला तो फ्रेंच सिनेमाच्या कृपेनं. त्यातल्या एका नागपूरकरानं अंधारात घाबरत विचारलं, "काका, इंटरव्हल कधी?" "फ्रेंच सिनेमाला इंटरव्हल नसतो. शेवटही नसतो. गप बस." एकदा पडद्यावर एक बाई दीड तास उघड्या खिडकीशी उभी होती आणि शेवटी तिनं खिडकी लावली. साडूंनी माझ्या बरगडीत कोपर खुपसलं. "बघितलंत? लावली!"

साडूंच्या सोळा वर्षांच्या मुलीला या सगळ्याची लाज वाटे. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्येच यायचं, आणि बुधवारविषयी तिचं उत्तर कायम "नाइन", म्हणजे नाही, असायचं.

डिसेंबरच्या शेवटच्या बुधवारी घात झाला. नवी मुलं नाताळच्या सुट्टीत पसार झालेली. आम्ही दोघे साडू आणि आमच्या बायका, म्हणजे दोघी बहिणी, असे चारच जण. सहाला दहा कमी. साडू गल्लीत उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला अडवू लागले. शेवटी एक आजोबा तयार झाले. "जर्मनमध्ये असेल तर येतो."

"मग नको," साडू म्हणाले.

"अहो!" मेहुणीबाई कळवळल्या. "हो म्हणायचं होतंत! आत गेल्यावर कोण उठून येतंय? वर्षभर जिवाचं रान केलंत ते कशासाठी?"

"खोटं बोलून माणूस आत घ्यायचा आणि खरा आवाज ऐकायचा? त्यापेक्षा बुडू दे."

बाईंनी किल्ल्या काढल्या. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या बसमधून साडूंची मुलगी उतरली, आमच्याकडे न बघता सरळ बाईंसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "फ्युन्फ." पाच. बाई मशीन लावायला गेल्या.

ती वडिलांच्या शेजारच्या खुर्चीत हात बांधून बसली. शाळेत ती फ्रेंच शिकत होती, हे आम्ही सगळेच विसरलो होतो. अर्ध्या तासानं ती त्यांच्या कानाशी वाकली. "बाबा, खाली चूक लिहिलंय. तो जात नाही म्हणतोय. राहतोय." कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडून मराठी ऐकलं. साडू "हं" म्हणाले. पुढे चूक दिसली की ती सांगायची, आणि ते पडद्याकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघत राहायचे.

बुधवार वाचला. परतीच्या बसमध्ये बापलेक एका बाकावर झोपून गेले, तेव्हा मी थिएटरचं पत्रक उघडलं. तो सिनेमा बेल्जियमचा होता.