बैलाचा झेंडा

२००६च्या उन्हाळ्यात आमच्या वरच्या मजल्यावरचे काका नागपूरहून मुलाकडे सनीव्हेलला आले आणि दर रविवारी पार्कात रमायला लागले. तिथे मेक्सिकन पोरं आपापल्या गावांच्या टीम करून फुटबॉल खेळायची. प्रत्येक गावाचा झेंडा वेगळा, त्यावरचं चिन्ह वेगळं. "झेंड्यावर बैल आहे, म्हणजे ते गाव आपलंच," असं मला बजावून काका मांडीवर थाप मारत ओरडायचे, "हाण बे, हाण."

बैलवाले फायनल जिंकले तेव्हा त्यांच्या कॅप्टनने पळत येऊन झेंडा काकांच्याच हातात दिला. काकांनी आधी बूट काढले, झेंडा कपाळाला लावला आणि मोज्यांवरच मैदानाला फेरी मारायला सुटले. मीही मागे धावलो. वळून बघतो तर अख्खी टीम बूट हातात घेऊन पळत येत होती.