काठोकाठ भरलेला तांब्या

फोन आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो. "साहेब, शेवंता बोलतोय. मालक गेलं आमचं... आज पहाटं." पलीकडून गुंडूमामांच्या बायकोचा, मामींचा आवाज एकदम सपाट होता, रडून रडून संपल्यावर होतो तसा. "येतो," म्हणालो आणि गेलो नाही. मातीला तर नाहीच, दिवसालाही नाही. गुडघ्याचं कारण सांगितलं, ते खोटंही नव्हतं. पण खरी गोष्ट वेगळी होती. गुंडूमामांची माफी मागायची माझी सात-आठ वर्षं राहून गेली होती आणि आता ती कायमचीच राहिली. वयाच्या बासष्टाव्या वर्षी असं काही कळलं की माणूस नुसता दमतो. रडायलाही अंगात जोर लागतो.

गुंडूमामा वनमजूर होते. राधानगरीच्या रस्त्यानं पुढं गेलं की जे जंगल लागतं, तिथं त्यांची उभी हयात गेली. ब्याण्णवच्या सुमाराला माझी त्यांची गाठ पडली. मी तेव्हा एका कचेरीत ओव्हरसिअर होतो. अभयारण्यात हिंडायला येणाऱ्या लोकांसाठी एक पायवाट आखायची, खालच्या राईतून वर सड्यावरच्या, म्हणजे कातळपठारावरच्या, गवताळ माळापर्यंत, आणि ती म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही झेपली पाहिजे, असं काम निघालं. मी आपला लेव्हलचं यंत्र, तिवई, टेप असा सगळा संसार घेऊन एस.टी.नं तिथं उतरलो. डोक्याला पंचा बांधलेला एक काळा, शिडशिडीत माणूस बांधावर बसून माझ्या तिवईकडं बघत होता. "पावणं, ह्ये तीन पायाचं भांडं कशाला आणलासा?" म्हणाला. मी चढ मोजायचं शास्त्र समजावून सांगायला लागलो. त्यांनी अगदी शहाण्यासारखं ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "माझा तांब्या बरा की मग."

मला वाटलं, थट्टा करतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खरोखरच पितळेचा तांब्या घेऊन आले. ओढ्यावर तो काठोकाठ भरला, उजव्या तळहातावर ठेवला आणि रोजच्या चालीनं रानात शिरले. मी मागं. जिथं पाणी मनगटावर सांडे तिथं थांबायचं, निरगुडीची एक काडी रोवायची, चार पावलं मागं यायचं आणि दुसरीकडून वाट शोधायची. पाणी सांडलं म्हणजे पाय अडखळला, पाय अडखळला म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा दम तुटणार, एवढाच हिशोब. तीन आठवडे आम्ही हेच केलं. अंजनी-जांभळाच्या सावलीतून, हिरड्याला वळसा घालून, गव्यांच्या पाणवठ्यापासून लांबून वाट हळूहळू वर सरकत गेली. संध्याकाळी मी माझ्या यंत्रानं तपासायचो, चढ नेमका भरायचा, आणि गुपचूप वहीत लिहायचो. एकदा मी हट्टानं तांब्या माझ्या हातात घेतला. पहिल्या दहा पावलांत बाही कोपरापर्यंत भिजली. मामा पोट धरून हसले. "साहेब, तुमी तर सपाटीवर बी सांडतासा!" त्यानंतर कितीतरी वर्षं हे वाक्य मला ऐकावं लागलं, शेवंतामामींच्या चुलीपुढं बसून तांबडा रस्सा ओरपतानासुद्धा.

वाट फार सुंदर झाली. मी केलेल्या कामांत अभिमानानं सांगावं असं तेवढं एकच. पावसाळा सरला की वरचा माळ सोनकीनं पिवळाधमक व्हायचा आणि शेवटच्या वळणावर झाडी संपून एकदम उजेड अंगावर यायचा. तिथं मामांनी एक सपाट दगड आणून टाकला होता. माझ्या आईला मी तिथं नेलं तेव्हा तिची सत्तरी उलटून गेली होती. वाटेत ती एकदाही "दमले" म्हणाली नाही. दगडावर बसली, फुलांकडं बघत राहिली आणि मामांना म्हणाली, "लेकरा, डोंगरावरच्या देवळातसुद्धा मला एवढं वर न्यायला कुणी तयार होत न्हाय रे." मामा लाजून पंच्याशी चाळा करत राहिले. आई गेल्यावर मला आठवते ती त्या दगडावर बसलेलीच.

आणि त्या वाटेशेजारी मीच पायऱ्या केल्या.

सात-आठ वर्षांमागं नवीन वरिष्ठ आले होते. लोक गाडीतून उतरतात, त्यांना लगेच वरचा देखावा हवा असतो, ही वळणं कशाला, राईतून सरळ सिमेंटच्या पायऱ्या काढा, असं बैठकीत ठरलं. नकाशा मला काढायला सांगितला. मला सगळं कळत होतं. तोंड उघडलं असतं तर कदाचित काही झालंही नसतं, पण उघडायला तर हवं होतं... माझी बढती तोंडावर होती, बदलीचंही कानावर आलं होतं. मी मान डोलावली आणि घरी येऊन नकाशा काढला, चांगला नीटनेटका. काम पुरं झाल्यावर मामा त्या पायऱ्यांखाली उभे राहिले, वरपर्यंत बघितलं. "साहेब, ह्या माणसांस्नी केल्यात का वांदरांस्नी?" मी हसण्यावारी न्यायला गेलो. ते हसले नाहीत. "तुमी व्हतासा की तितं. बोलला न्हाईसा व्हय?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, वरून ऑर्डर होती. ते "बरं" म्हणाले आणि निघून गेले. त्या 'बरं'नंतर मी तिकडं पाऊल टाकलं नाही. जुनी वाट बिनवापराची झाली, घाणेरीनं आणि करवंदीच्या जाळीनं बुजून गेली, असं कुणाकडून तरी कळलं. ऐकून मी विषय बदलला.

गेल्या हिवाळ्यात मामा अचानक उचगावला माझ्या घरी आले. आजारी होते, कोल्हापुरात दवाखान्यात दाखवायला आले होते. गळ्यातली हाडं वर आली होती. पिशवीत मामींनी दिलेलं नाचणीचं पीठ. मी दार उघडायला लंगडत गेलो तशी त्यांची नजर आधी माझ्या पायावर गेली. "गुडघा?" "दोन्ही," मी म्हणालो. "आता ह्या जन्मात तुमची टेकडी व्हायची नाही." त्यांनी बशीत चहा ओतला, सावकाश प्याला. माफीचे शब्द अगदी ओठावर आले होते. पण आजारी माणसापुढं आपलं रडगाणं कुठं लावायचं, असं मनाला सांगून मी त्यांच्या औषधांचीच चौकशी करत राहिलो. निघताना चपला घालता घालता ते म्हणाले, "या की एकदा. चढायला लावत न्हाई तुमास्नी." मला वाटलं, अंगणात बसवून चहा पाजायचं म्हणतायत. "उन्हाळ्यात येतो," मी म्हणालो. उन्हाळा आला नि गेला. मी घरात बसून राहिलो आणि श्रावणात मामींचा फोन आला.

शेवटी मागच्या आठवड्यात गेलो. मामी अंगणात तांदूळ निवडत होत्या. मला बघून उठल्या, पाणी दिलं, "आलासा," एवढंच म्हणाल्या. मी त्यांच्यापुढं सगळं बोललो. पायऱ्या, बैठक, बढती, उचगावचा तो चहा. सुपावरचा हात न थांबवता त्यांनी ऐकलं. मग आत गेल्या आणि तो तांब्या घेऊन आल्या. चिंचेनं घासलेला होता.

"पायऱ्यांच्या डाव्या अंगानं जावा," म्हणाल्या. "तुमच्याकडनं आलं आन् दुसऱ्या दिवशी कोयता घिऊन गेलं. म्या भांडलो, अंगात जीव न्हाई, मरतासा का काय म्हनून. त्ये म्हनलं, साहेबाचं गुडघं गेल्यात, पायऱ्या चढायच्या न्हाईत त्येंला. जुन्या वाटंचं रान तोडलं, पार वरपातूर. रोज थोडं थोडं. उन्हाळाभर तुमची वाट बघत हुतं."

मी ओढ्यावर तांब्या भरला. काठोकाठ. तळहातावर घेऊन निघालो. माझी टेकायची काठी अंगणातच विसरली होती, ते मला अर्ध्या वाटेवर लक्षात आलं. करवंदीचे तोडलेले बुंधे पायाशी दिसत होते, काहींना पुन्हा फूट आली होती. जिथं पूर्वीचं वळण माझ्या गुडघ्यांना जड गेलं असतं तिथं त्यांनी आणखी एक लांबचा वळसा काढला होता आणि कडेला निरगुडीच्या काड्या अजून तशाच उभ्या होत्या. त्या हातानं, त्या दुखण्यात, हा तांब्या घेऊन ते किती वेळा खालीवर झाले असतील... मी फार हळू चाललो. झाडी संपली, उजेड आला, दगड आला. माळ पिवळा झाला होता.

दगडावर बसलो आणि बाहीकडं पाहिलं. बाही कोरडी होती. मी वळून मागं बघितलं, मामांना दाखवायला.